निदानाचे काम सांभाळून विकृतिशास्त्रात संशोधन कसे उभे करावे?

प्रश्न
लिहिणारी: नवी व्याख्याती

नमस्कार. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून मी नुकतीच एका अध्यापन रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागात रुजू झाले आहे. सकाळी ग्रॉसिंग (आलेले अवयव तपासून त्यांचे तुकडे कापणे), दुपारी रिपोर्टिंग, मध्येच फ्रोझन सेक्शनसाठी (शस्त्रक्रिया चालू असताना गोठवलेल्या ऊतीच्या तातडीच्या तपासणीसाठी) शस्त्रक्रियागृहातून येणारा फोन आणि उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांना शिकवणे, असा माझा दिवस जातो. निदानाचे काम मला मनापासून आवडते आणि ते सोडण्याचा विचार माझ्या मनात नाही. तरीही पुढील वीस-पंचवीस वर्षे केवळ आलेल्या स्लाइड पाहून रिपोर्ट देण्यात जावीत, असेही मला वाटत नाही. संशोधनाची माझी शिदोरी म्हणाल तर विद्यार्थिदशेतला प्रबंध आणि दुर्मीळ अर्बुदांचे (ट्यूमरचे) दोन रुग्णवृत्तान्त, एवढीच आहे.

संशोधनाचा विषय कसा निवडावा, त्यासाठी पीएचडी करणे आवश्यक आहे का, आणि रिपोर्टिंगच्या रेट्यातून वेळ कसा काढावा, हे मला अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. शिवाय हल्ली ज्याच्या-त्याच्या तोंडी कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या व्यक्तीने थेट तिकडेच वळावे का, याबद्दलही कृपया लिहावे.

उत्तर
लिहिणारे: रिपोर्टिंग रूममधला जुना माणूस

विषयाच्या निवडीबद्दल आधी लिहितो, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून आहेत. विकृतिशास्त्रज्ञाला विषय शोधायला लांब जावे लागत नाही. रोजच्या स्लाइडमध्ये जे दिसते पण पुस्तकात बसत नाही, तिथेच तो असतो. फक्त 'असेल काहीतरी' म्हणून ती स्लाइड ट्रेमध्ये परत ठेवण्याची सवय मोडावी लागते. रॉबिन वॉरन हे पर्थच्या रुग्णालयात रोजचे रिपोर्टिंग करणारे विकृतिशास्त्रज्ञ होते. 1979 साली जठराच्या एका बायॉप्सीत त्यांना आतील अस्तराच्या पृष्ठभागाला चिकटलेले वाकडे जीवाणू दिसले. आम्लामुळे जठरात जीवाणू तगत नाहीत, असे तेव्हा सर्वत्र मानले जात असल्यामुळे सहकाऱ्यांना त्यात विशेष काही वाटले नाही. वॉरन यांनी मात्र चांदीच्या क्षारांचे वॉर्थिन-स्टारी स्टेन (ऊती रंगवण्याची एक पद्धत) वापरून तसे नमुने जमवण्याचे काम नेटाने चालू ठेवले. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर 1981 मध्ये त्यांच्या कामात सामील झाले, आणि या जीवाणूच्या शोधासाठी 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरन यांच्यापाशी त्या वेळी वेगळी प्रयोगशाळा नव्हती. दिसलेल्या गोष्टीची नोंद करण्याची चिकाटी आणि जुने नमुने पुन्हा काढून पाहण्याची मुभा एवढ्याच दोन गोष्टी त्यांच्याजवळ होत्या, आणि त्या दोन्ही तुमच्याजवळही आहेत.

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. टेबलावर एक वही ठेवा, आणि ज्या केसमध्ये तुमचा हात रिपोर्ट लिहिताना अडखळला, तिचा क्रमांक व अडखळण्याचे कारण एका ओळीत लिहा. रुग्णाचे नाव लिहू नका. तीन-चार महिन्यांनी ती वही सलग वाचलीत, तर एकच शंका पुन्हा पुन्हा डोकावताना दिसेल. तुमच्या संशोधनाचा विषय बहुधा तोच असेल. दुर्मीळ रुग्णांचे वृत्तान्त लिहिणे वाईट नाही, त्यामुळे लिहिण्याची शिस्त लागते. पण त्यांच्या मागे लागून पाच वर्षे गेली की हाती पंधरा वेगवेगळ्या अवयवांवरचे पंधरा लेख उरतात, आणि त्यांतून कुठलाही एक प्रश्न पुढे सरकलेला नसतो. एक अवयव किंवा एक रोगप्रक्रिया धरा आणि किमान पाच-सात वर्षे तिच्याशी एकनिष्ठ राहा. त्यानंतर शस्त्रक्रिया करणारे आणि औषधोपचार करणारे डॉक्टर त्या विषयासाठी तुमचेच नाव घेऊ लागतात, आणि मोठ्या अभ्यासांत सहभागी होण्याची निमंत्रणे त्यातूनच येतात.

दुसरी गोष्ट मी स्वतः चूक करून शिकलो, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्तनाच्या कर्करोगातील एका प्रथिनावर काम हाती घेतले. कपाटातून काही वर्षांचे पॅराफिन ब्लॉक (ऊती मेणात जपून ठेवलेले ठोकळे) काढले, चार मायक्रॉन जाडीचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, कापून घेतले आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रतिपिंडांच्या साह्याने ते प्रथिन रंगवून पाहण्याची चाचणी, केली. जवळपास एक चतुर्थांश अर्बुदे निगेटिव्ह आली. आपल्याला रोगाचा एक नवा उपगट सापडला, या आनंदात मी लेखाचा मसुदाही लिहू लागलो होतो. तेवढ्यात आमच्या प्रयोगशाळेतील ज्येष्ठ तंत्रज्ञ बाईंनी एक स्लाइड माझ्या सूक्ष्मदर्शकावर ठेवली, कडेच्या निरोगी दुग्धनलिकांवर बोट नेले आणि विचारले, "सर, अर्बुद निगेटिव्ह आहे हे ठीक, पण या नलिका का रंगल्या नाहीत? त्या तर नेहमी रंगतात." मी एकामागून एक सगळ्या निगेटिव्ह स्लाइड पुन्हा पाहिल्या. निम्म्याहून अधिक स्लाइडमधील निरोगी नलिकाही कोऱ्याच होत्या. मग आम्ही दोघांनी नमुने स्वीकारण्याची नोंदवही काढली आणि तारखा ताडून पाहिल्या. हे नमुने बहुतेक सुट्टीच्या आदल्या दिवशी आलेले होते आणि न कापता, अखंड स्थितीत डब्यात पडून राहिले होते. ऊती टिकवणारे फॉर्मालिन हे द्रावण ऊतीत अत्यंत सावकाश, तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर, या गतीने शिरते. त्यामुळे बाहेरून फॉर्मालिनमध्ये बुडालेल्या त्या नमुन्यांचा गाभा आतून खराब होत राहिला होता. माझा नवा उपगट म्हणजे वेळेवर न कापलेले नमुने होते.

तो मसुदा मी फाडून टाकला. त्या दिवसापासून आमच्या विभागात अवयव शरीराबाहेर काढल्याची वेळ आणि तो फॉर्मालिनमध्ये पडल्याची वेळ, या दोन्हींची नोंद प्रत्येक नमुन्यासोबत होऊ लागली. स्तनाच्या कर्करोगातील ग्राही-चाचण्यांसाठी (रिसेप्टर चाचण्यांसाठी) अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी आणि कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स यांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नमुना एका तासाच्या आत फिक्सेटिव्हमध्ये (फॉर्मालिनसारख्या टिकवणाऱ्या द्रावणात) जावा आणि 6 ते 72 तास त्यात राहावा, असा दंडक आहे. संशोधनासाठी तो दंडक पाळणारे नमुने किती आणि न पाळणारे किती, हे तुम्हाला आधीच सांगता आले पाहिजे. जुन्या ब्लॉकचे कपाट ही आपल्या विभागाची खरी संपत्ती आहे, पण ज्या ब्लॉकची जन्मकथा ठाऊक नाही, त्यावर उभारलेला निष्कर्ष ठिसूळ असतो. तंत्रज्ञांना पहिल्या दिवसापासून अभ्यासात सामील करून घ्या, आणि त्यांचे योगदान लेखकाच्या पात्रतेचे असेल तर त्यांचे नाव लेखकांमध्ये घाला.

वेळेबद्दल थोडक्यात लिहितो. आठवड्यातला एक अर्धा दिवस रिपोर्टिंगमधून मोकळा मिळावा, असे विभागप्रमुखांकडून लेखी ठरवून घ्या, आणि त्या वेळेत दुसऱ्या कोणाचे काम अंगावर घेऊ नका. 'वेळ मिळाला की करीन' म्हणून ठेवलेले संशोधन होत नाही, हे मी अनेक हुशार सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. हा अर्धा दिवस मागताना संकोच वाटतो, मलाही वाटला होता. परंतु हाती एक पानाचा नेमका आराखडा असेल, तर नकार मिळण्याची शक्यता बरीच कमी होते.

उत्तर
लिहिणारी: विकृतिशास्त्र विभागातील रेणवीय जीवशास्त्रज्ञ

मी वैद्यकीय पदवीधर नाही. जीवशास्त्रात पीएचडी करून गेली बरीच वर्षे विकृतिशास्त्र विभागात काम करते आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

आमच्यासारख्यांना तुमच्याकडून फक्त 'नमुने' हवे असतात, असा समज तुमच्या क्षेत्रात अनेकांचा असतो, आणि त्याला आमचे वागणेही कधीकधी कारणीभूत असते. पण मला खरी गरज असते ती नमुना पाहून बोलणाऱ्या व्यक्तीची. एखाद्या ब्लॉकमध्ये अर्बुदाच्या पेशी ऐंशी टक्के आहेत की पंधरा, मध्ये मृत ऊती किती आहे, दाहपेशींची गर्दी कुठे आहे, हे न पाहता सबंध सेक्शनमधून डीएनए काढला, तर आम्ही कोणत्या पेशींचे जनुक वाचतो आहोत, हेच कळत नाही. फॉर्मालिनमुळे डीएनएचे तुकडे होतात, आणि डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनमध्ये असा रासायनिक बदल होतो की तो वाचताना सायटोसिनच्या जागी थायमिन दिसते. जुन्या ब्लॉकमध्ये असे खोटे उत्परिवर्तन भरपूर आढळते आणि नवख्या विश्लेषकाला ते खरे वाटते. स्लाइडवर शाईने वर्तुळ काढून 'एवढाच भाग खरवडा' असे सांगणारा विकृतिशास्त्रज्ञ सोबत असला, की आमचे कित्येक महिने वाचतात. हे काम करणाऱ्या व्यक्तीने अभ्यासाच्या आखणीपासून बैठकीत बसावे आणि लेखकत्वाचा क्रम आरंभीच लिहून ठेवावा. शेवटी त्यावरून मने दुखावलेली मी पाहिली आहेत, आणि एकदा दुखावलेली मने पुढच्या अभ्यासासाठी एकत्र येत नाहीत.

पीएचडीबद्दल माझे मत असे आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर पेशीसंवर्धन, प्राणिप्रारूपे किंवा सखोल जनुकीय विश्लेषण यांशिवाय मिळणार नसेल, तर पीएचडी करावी. तिचा मुख्य लाभ पदवीपेक्षा त्या काळात मिळणाऱ्या सवडीत असतो. फसलेला प्रयोग का फसला, हे शोधण्यासाठी आठवडे देता येतात, आणि नोकरीत ती चैन पुन्हा मिळत नाही. याउलट तुमचा प्रश्न निदानाच्या अचूकतेचा किंवा रोगाच्या भवितव्याचा अंदाज बांधण्याचा असेल, तर पीएचडीपेक्षा संख्याशास्त्र आणि रोगपरिस्थितिविज्ञान (एपिडेमिऑलॉजी) यांचे एक-दोन वर्षांचे गंभीर शिक्षण तुम्हाला अधिक उपयोगी पडेल. पुढील अर्थसाहाय्यासाठी काही ठिकाणी पीएचडीची अट असते, तेवढे आधी तपासून घ्यावे.

एक प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. लंडनमधील विकृतिशास्त्रज्ञ अँथनी एपस्टाइन यांनी 1961 मध्ये शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांचे आफ्रिकेतील मुलांच्या जबड्याच्या अर्बुदावरील व्याख्यान ऐकले आणि त्यात विषाणू असावा या विचाराने ते नमुने मागवू लागले. दोन वर्षे हाती काहीच लागले नाही. 1963 च्या डिसेंबरात एक नमुना धुक्यामुळे विमान दुसरीकडे वळवल्याने उशिरा पोहोचला, आणि बाटलीतला द्रव गढूळ झालेला होता. जीवाणूंनी नासला असे समजून तो फेकून देणे कोणालाही स्वाभाविक वाटले असते. एपस्टाइन यांनी त्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात सुट्या झालेल्या जिवंत अर्बुदपेशी तरंगत होत्या. त्यांतून वाढवलेल्या पेशींमध्ये त्यांना, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जो विषाणू दिसला, तो आज एपस्टाइन-बार या नावाने ओळखला जातो. 1964 साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी पाहायचे आणि मगच ठरवायचे, ही तुमच्या शाखेची सवय आहे. प्रयोगशाळेत येताना ती बरोबर आणा.

उत्तर
लिहिणारे: डिजिटल पॅथॉलॉजीवाले

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रश्नाचे उत्तर देतो. वळावे, परंतु स्वतःच्या प्रश्नासह वळावे. प्रोग्रामिंग येत नसल्याची भीती बाळगू नका. क्यूपाथ हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. स्कॅन केलेल्या स्लाइडवर पेशी मोजणे, भाग आखणे आणि स्टेनची तीव्रता मोजणे एवढे त्यात काही आठवड्यांच्या सरावाने जमते.

या क्षेत्रातील लेख वाचताना तुलना कोणाशी केली आहे, ते आधी पाहत जा. कॅमेलिऑन16 या स्पर्धेत स्तनाच्या कर्करोगाच्या लसिकाग्रंथींतील प्रसार शोधणाऱ्या संगणकप्रणालींची तुलना अकरा विकृतिशास्त्रज्ञांशी करण्यात आली होती. सर्वोत्तम प्रणाली त्यांच्यापेक्षा सरस ठरली, हे वाक्य सर्वत्र उद्धृत होते. मात्र त्या अकरा जणांना 129 स्लाइड सुमारे दोन तासांत पाहायच्या होत्या, आणि वेळेचे बंधन नसलेल्या एका विकृतिशास्त्रज्ञाची कामगिरी त्या प्रणालीच्या तोडीची होती. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखात हे सर्व स्पष्ट लिहिलेले आहे. तो अभ्यास चांगलाच आहे. घाई होते ती त्याचा सारांश सांगणाऱ्यांची.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. द कॅन्सर जीनोम अॅटलस या कर्करोगांची जनुकीय माहिती जमवणाऱ्या प्रकल्पातील स्लाइड सर्वांना मोफत उपलब्ध आहेत आणि नवशिक्याने त्यांवर हात बसवावा, हे मीही सांगतो. परंतु प्रत्येक रुग्णालयाच्या स्टेनिंगची आणि स्कॅनरची एक छटा असते, ती संगणकाला ओळखता येते, हे 2021 मधील एका अभ्यासात याच संग्रहावर दाखवले गेले आहे. म्हणजे एका रुग्णालयाने जर गंभीर रुग्णच अधिक पाठवले असतील, तर प्रणाली रोग ओळखण्याऐवजी रुग्णालय ओळखून बरोबर उत्तर देईल. त्याचप्रमाणे एकाच रुग्णाच्या स्लाइडचे काही तुकडे शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी वापरले, तर निकाल फार सुंदर येतो आणि दुसऱ्या रुग्णालयात गेल्यावर कोसळतो. विभागणी नेहमी रुग्णानुसार करावी, आणि शक्य असेल तर रुग्णालयानुसार. हे प्रश्न संगणक अभियंत्याच्या लक्षात उशिरा येतात, कारण त्याने इऑसिन (स्लाइड रंगवण्याचा गुलाबी रंग) फिके पडलेल्या स्लाइड रोज पाहिलेल्या नसतात. तुम्ही त्या पाहता, म्हणून अशा गटात तुमची जागा पक्की आहे.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर
लिहिणारी: नवी व्याख्याती

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. वहीची सूचना वाचल्यावर मी गेल्या काही महिन्यांचे माझे रिपोर्ट आठवून पाहिले आणि एक गोष्ट लगेच पुढे आली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात आम्ही ट्यूमर बडिंगची, म्हणजे अर्बुदाच्या कडेला सुट्या पडलेल्या पेशींची व त्यांच्या लहान पुंजक्यांची, श्रेणी देतो. माझी आणि माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची श्रेणी अनेकदा जुळत नाही, विशेषतः अर्बुदाच्या कडेला दाहपेशींची दाटी असते तेव्हा. हा विषय अभ्यास करण्याइतका मोठा आहे का, की तो केवळ माझ्या अननुभवाचा भाग आहे?

उत्तर
लिहिणारे: रिपोर्टिंग रूममधला जुना माणूस

हा विषय चांगला आहे, आणि पहिल्या अभ्यासाला साजेशा आकाराचाही आहे. 2016 च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार एक सुटी पेशी किंवा चारपर्यंत पेशींचा पुंजका म्हणजे एक बड. आक्रमक कडेवरील (अर्बुद शेजारच्या ऊतीत शिरते त्या कडेवरील) सर्वांत दाट जागा निवडून 0.785 चौरस मिलिमीटर क्षेत्रात ते मोजायचे असतात. चारपर्यंत असल्यास श्रेणी पहिली, पाच ते नऊ असल्यास दुसरी आणि दहा किंवा अधिक असल्यास तिसरी. आता मतभेद नेमका कुठे होतो, ते पाहा. तुम्ही दोघांनी दाट जागा म्हणून वेगवेगळी क्षेत्रे निवडली असतील, किंवा एकाच क्षेत्रात दाहपेशींमध्ये लपलेले बड एकाला दिसले आणि दुसऱ्याला दिसले नसतील. श्रेणी दोन्ही प्रकारे बदलते, पण उपाय मात्र निराळे आहेत. बहुतेक अभ्यासांत केवळ अंतिम श्रेणीची तुलना होत असल्यामुळे ही दोन कारणे एकमेकांत मिसळून जातात.

म्हणून अभ्यासाचे दोन टप्पे करा. पहिल्या टप्प्यात प्रत्येक निरीक्षकाने क्षेत्र स्वतः निवडून मोजावे. काही आठवड्यांनी, आधीचे आकडे विसरले गेल्यावर, दुसऱ्या टप्प्यात सर्वांना तेच आखून दिलेले क्षेत्र मोजायला द्यावे. निरीक्षक निदान तीन असावेत आणि त्यांतला एक दुसऱ्या संस्थेतला असावा. निरीक्षकांमधील सहमती मोजताना भारित कप्पा, म्हणजे मोठ्या मतभेदाला अधिक वजन देणारा सहमतीचा निर्देशांक, वापरा, कारण पहिली आणि दुसरी श्रेणी यांतला फरक पहिली आणि तिसरी यांतल्या फरकाइतका गंभीर नसतो. बहुसंख्य केस एकाच श्रेणीत पडल्या, तर प्रत्यक्षात सहमती चांगली असूनही कप्पा कमी दिसतो. त्यामुळे नुसता कप्पा न देता श्रेणींचा सबंध तक्ता लेखात द्या. दाहपेशींची दाटी कमी, मध्यम की अधिक, हे मोजणी सुरू होण्यापूर्वीच मोजणीत नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याकडून ठरवून घ्या. 2016 ची ती आंतरराष्ट्रीय सहमती बड नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इऑसिन रंगांच्या स्लाइडवरच मोजायला सांगते. पण दाट दाहाच्या केसचा केराटिनसाठी (दाहपेशींत नसलेल्या, अर्बुदपेशींतल्या प्रथिनासाठी) एक जादा सेक्शन रंगवून घेतलात, तर तुमच्यापैकी कोणाला काय दिसले नाही, याचाही उलगडा होईल.

अननुभवाची शंका मनातून काढून टाका. अनुभवामुळे हा मतभेद कमी होतो का, हेही याच अभ्यासातून दिसू शकेल, कारण तुमच्या निरीक्षकांत नवे आणि जुने दोन्ही असतील.

केस मात्र आठवणीतून निवडू नका. ज्या आठवतात त्या भांडणाच्याच केस असतात. नैतिकता समितीची मान्यता मिळाली की नोंदवही उघडा, एक तारीख ठरवा आणि तिथून पुढच्या सलग केस घ्या. किती केस पुरतील, हे संख्याशास्त्रज्ञाला आत्ताच, म्हणजे पहिला ब्लॉक कपाटातून काढण्यापूर्वी, विचारून घ्या. आराखड्याचे एक पान तयार झाले की इथे टाका, मी वाचून सूचना करीन.